रीलोडिंगसाठी केस ट्रिमर घेताय? आधी पुंगळ्या मोजा, मग पैसे घाला

मागच्या काही महिन्यांत इकडे टेक्सासमध्ये ओळखीच्या तिघांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला, की रीलोडिंग (झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या घरी परत भरणं) सुरू केलंय, प्रेस घेतला, डाय घेतल्या, आता ट्रिमर, म्हणजे वाढलेली पुंगळी तोंडाशी कापून मापात आणायचं यंत्र, कुठला घेऊ? आणि तिघांनाही मी आधी उलटा प्रश्न विचारला, की तुमच्या पुंगळ्यांची लांबी मोजली का? एकानेही मोजली नव्हती. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं, नवीन माणसाला उपयोग होईल.

सगळ्यात आधी कायद्याचं, कारण आपल्या लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायची असतील तर लागतं. पण तुम्ही एच-१बी किंवा तसल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि अम्युनिशन दोन्ही जवळ ठेवायला मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्ससारखे थोडेच अपवाद आहेत, आणि अम्युनिशनच्या व्याख्येत नुसतं भरलेलं काडतूस नाही तर रिकामी पुंगळी, प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी छोटी टोपी), गोळी, पावडर असं सगळं येतं. त्यामुळे ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबा किंवा वकिलाला विचारूनच पुढे जा. आणि भारतात जाताना यातलं काहीही बॅगेत नको, अगदी आठवण म्हणून नेलेली एक रिकामी पुंगळीसुद्धा नको. आपल्याकडच्या १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये काडतुसाचे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रसामग्री हेसुद्धा अम्युनिशनमध्येच धरलंय, आणि लायसन्सशिवाय काडतूस बनवणं हा तिकडे सरळ गुन्हा आहे. हा लेख फक्त जिथे हे कायदेशीर आहे तिथल्या लोकांसाठी.

ट्रिमिंग लागतंच का?

गोळी सुटते तेव्हा आत प्रचंड प्रेशर तयार होतं, .३०८ विंचेस्टरला साम्मीची (काडतुसांची मापं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेची) मर्यादाच ६२,००० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला तेवढे पौंड, आहे. पितळ फुगून चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या) भिंतीला चिकटतं, मग तुम्ही ती पुंगळी साइझिंग डायमध्ये घालून परत बारीक करता, आता चारी बाजूंनी दाबलेलं पितळ जाणार कुठे, तर वर, नेकच्या म्हणजे गोळी धरणाऱ्या मानेच्या दिशेने. सोऱ्यात चकलीचं पीठ भरून दाबलं की ते जसं चकतीतून बाहेर येतं अगदी तसंच. दर वेळी थोडं थोडं, कधी तीन-चार थाऊ, कधी जास्त. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, भोसरी-चाकणला शॉप फ्लोअरवर काम केलेल्यांना सांगायला नको.)

पुंगळी जास्त लांब झाली तर तिचं तोंड चेंबरच्या टोकाला जी पायरी असते तिथे जाऊन अडकतं आणि गोळीभोवती आवळलं जातं. गोळी सुटायच्या क्षणी नेक जरा उमलायला जागा हवी असते, तीच मिळत नाही, आणि प्रेशर वर चढतं. वाईट भाग असा की बोल्टची (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याची) ताकद एवढी असते की तो आरामात बंद होतो, तुम्हाला हाताला काहीच जाणवत नाही. म्हणून हे मोजूनच कळतं, अंदाजाने नाही.

आकडे असे आहेत, पहिला मॅक्सिमम आणि दुसरा ट्रिम करायचा: .२२३ रेमिंग्टन १.७६० आणि १.७५० इंच, .३०८ विंचेस्टर २.०१५ आणि २.००५, .३०-०६ ला २.४९४ आणि २.४८४, ६.५ क्रीडमूर १.९२० आणि १.९१०, .२४३ विंचेस्टर २.०४५ आणि २.०३५. म्हणजे साधारण दहा थाऊचं अंतर ठेवलेलं असतं. तरी रीलोडिंग मॅन्युअल जवळ हवंच आणि त्यातूनच आकडा घ्या, माझ्या लेखातून पाठ करू नका.

आता ज्यांच्याकडे फक्त ९ एमएम किंवा .४५ एसीपी आहे त्यांनी हा लेख इथेच थांबवला तरी चालेल. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्या फारशा वाढत नाहीत, .४५ एसीपी तर वापरून वापरून उलट किंचित आखूड होत जाते. मी ९ एमएमच्या पुंगळ्या आजवर एकदाही ट्रिम केलेल्या नाहीत. रिव्हॉल्व्हरचं थोडं वेगळं, .३५७ मॅग्नम किंवा .३८ स्पेशलला तुम्ही रोल क्रिंप देत असाल, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीवर आत वळवत असाल, तर सगळ्या पुंगळ्या एका लांबीच्या असल्या तर क्रिंप सारखा बसतो, एक आखूड एक लांब असेल तर एकाला क्रिंप लागतच नाही आणि दुसऱ्याला इतका लागतो की पुंगळी फुगते. तिथे एकदा सगळ्या एका मापाला आणल्या की बराच काळ बघावं लागत नाही. .३०-३० सारख्या लिव्हर ॲक्शनच्या काडतुसांनाही हेच लागू, कारण तिथेही क्रिंप गोळीवरच्या खाचेत नेमका बसावा लागतो.

आधी कॅलिपर, मग बाकी सगळं

मला हे शिकवलं आमच्या रेंजवरच्या एका सीनियर माणसाने, मूळचे कोल्हापूरचे, सगळे त्यांना आबा म्हणतात. मी पहिल्या आठवड्यातच मोटरवाला ट्रिमर बघत होतो तर म्हणाले, "अरे थांब की जरा, आधी कॅलिपर घे. मोजता येईना आणि कापायला निघालास होय?" ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.

०.००१ इंच वाचणारा चांगला डिजिटल किंवा डायल कॅलिपर घ्या. जबडे पुसून बंद केल्यावर शून्य येतंय का बघा, हे दर वेळी. पुंगळी मोजताना जुना प्रायमर काढलेला असावा, कारण तो किंचित बाहेर आलेला असला तर रीडिंग खोटं येतं. पुंगळी जबड्यात हलकेच फिरवून दोन-तीन ठिकाणी बघा आणि सगळ्यात मोठं रीडिंग धरा, कारण फॅक्टरीतून आलेलं तोंडही बऱ्याचदा अगदी काटकोनात नसतं. तोंडाला कुस (कापल्यावर उरलेली बारीक खरखरीत कड) असेल तर तीही लांबीत मोजली जाते, ती आधी हलकी काढून घ्या.

आणि क्रम. क्रम चुकला की सगळं वाया. आधी प्रायमर काढा, पुंगळी साफ करा, ल्यूब (वंगण) लावा, साइझ करा, ल्यूब पुसा, मग मोजा आणि मग ट्रिम करा. साइझिंगमध्येच लांबी वाढते त्यामुळे त्याच्या आधी मोजून काही अर्थ नाही. मी सुरुवातीला .३०८ च्या शंभर पुंगळ्या साइझिंगच्या आधी ट्रिम केल्या होत्या, अख्खा रविवार गेला, दुसऱ्या दिवशी साइझ करून मोजल्या तर निम्म्याहून जास्त परत पाच-सहा थाऊने वाढलेल्या, आणि सारख्याही नाहीत. परत सगळ्या बसून केल्या. आणखी एक, प्रायमर बसवलेली किंवा भरलेली पुंगळी ट्रिमरमध्ये कधीही घालायची नाही, कितीही घाई असली तरी.

ट्रिमर लांबी कुठून धरतो, हा खरा प्रश्न

दुकानात किंवा व्हिडिओत तुम्हाला स्पीड दाखवतील, मोटर दाखवतील. मी म्हणतो ते सगळं नंतर, आधी एवढंच विचारा की हा ट्रिमर पुंगळीला कुठे टेकवून लांबी धरतो. दोनच उत्तरं आहेत, बुडापासून किंवा शोल्डरपासून (नेकच्या खाली पुंगळी रुंद होते तो उतार).

बुडापासून धरणारा म्हणजे पूर्ण लांबी थेट मिळते. पुंगळी साइझ केलेली असो नसो, बूड ते तोंड एक माप. शोल्डरपासून धरणारा फक्त शोल्डर ते तोंड एवढंच अंतर सारखं ठेवतो, म्हणजे तुमचे शोल्डर जर मागेपुढे असतील, कुठे दोन थाऊ कुठे चार थाऊ, तर तेवढाच फरक पूर्ण लांबीत उतरतो. मग तो वाईट का? अजिबात नाही. साइझिंग डाय नीट लावलेली असेल आणि प्रत्येक पुंगळी सारखी साइझ होत असेल तर शोल्डरवाला खूप वेगाने आणि पुरेसं अचूक काम करतो. पण साइझिंग नीट होत नसलेल्या नवीन माणसाने तो घेतला की आकडे नाचतात आणि तो ट्रिमरला दोष देत बसतो. शिवाय ज्या पुंगळीला शोल्डरच नाही, म्हणजे सरळ पुंगळी, तिला हा प्रकार चालतच नाही.

बुडापासून धरणाऱ्यांतही एक गोम आहे. काही ट्रिमर पुंगळीच्या बुडाची कड कॉलेटने (चहूबाजूंनी आवळणाऱ्या पकडीने) पकडतात, काही शेलहोल्डरमध्ये (कड सरकवायच्या खाचेत). कडेची जाडी वेगवेगळ्या कंपनीच्या पुंगळ्यांत थोडी वेगळी असते, कॉलेटमध्ये एखादी कीस अडकली तर पुंगळी तिरकी बसते. मी एक जुना हाताने फिरवायचा ट्रिमर सेकंडहँड घेतला होता आणि सगळं सेट करूनही आठ-आठ थाऊचा फरक येत होता. वैतागून कॉलेट उघडून बघितलं, तर आतल्या बाजूला पितळेची एक बारीक, केसाएवढी कुरळी कीस बसली होती, भिंग लावल्यावर दिसली. ब्रशने काढली, फरक दीड-दोन थाऊवर आला. तेव्हापासून दर दहा-पंधरा पुंगळ्यांनंतर ब्रश मारायचाच.

आता प्रकार बघू

सगळ्यात स्वस्त आणि नवीन माणसाला मी डोळे झाकून सांगतो तो म्हणजे लीचा केस लेंग्थ गेज, कटर आणि लॉक स्टड. ली प्रिसिजन ही विस्कॉन्सिनमधल्या हार्टफर्डची कंपनी, साधी आणि स्वस्त हत्यारं बनवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. कटरच्या पुढे एक लांब पिन असते, ती पुंगळीच्या तोंडातून आत जाऊन प्रायमरच्या भोकातून आरपार खाली लॉक स्टडला टेकते, टेकली की कटर पुढे जाऊच शकत नाही, त्यामुळे लांबी आपोआप फिक्स. सेट करायला काहीच नाही त्यामुळे चुकायलाही फारसं काही नाही. लॉक स्टड ड्रिलमध्ये लावला की काम भराभर होतं. तोटा एकच, प्रत्येक कॅलिबरला वेगळा गेज घ्यावा लागतो आणि लांबी तुम्हाला हवी तशी बदलता येत नाही. आणि काही ६.५ क्रीडमूरच्या पुंगळ्यांना प्रायमरचं भोक नेहमीपेक्षा लहान असतं, त्यात पिन जाते का आधी हाताने घालून बघा, जोर लावू नका. वर्षाला दोन-तीनशे पुंगळ्या, एक-दोन कॅलिबर असा मामला असेल तर खरंच याच्या पुढे जायची गरज नाही.

त्यानंतर येतात छोट्या लेथसारखे हाताने फिरवायचे ट्रिमर. फॉर्स्टर, लायमन, हॉर्नाडी, आरसीबीएस, रेडिंग हे सगळे बनवतात. एका बाजूला पुंगळी पकडायची, दुसऱ्या बाजूला कटर, कटरच्या पुढे त्या कॅलिबरचा पायलट जो नेकच्या आत जाऊन कटर मध्यावर ठेवतो. लेथवर फेसिंग करतात (टोक सपाट कापतात) तेच हे, फक्त बहुतेकांत टूल फिरतं आणि जॉब स्थिर. पायलट बदलला की वेगळं कॅलिबर, त्यामुळे चार-पाच प्रकारची काडतुसं भरणाऱ्याला हे बरं पडतं. पायलट नेकमध्ये घट्ट बसत असेल तर ठोकू नका, बहुधा साइझिंग करताना एक्स्पांडर (डायमधला, नेक आतून मापाला आणणारा गोळा) नीट आत गेलेला नसतो किंवा ल्यूब राहिलेलं असतं. रेडिंगच्या २४०० मॉडेलला मायक्रोमीटर ॲडजस्टमेंट आहे, म्हणजे थाऊ-थाऊने सेट करता येतं, ज्याला एका कॅलिबरवरून दुसऱ्यावर सारखं जायचं असतं त्याला त्याचा फार उपयोग.

विल्सनचा ट्रिमर मला मनापासून आवडतो आणि आता माझ्याकडे तोच आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅशमिअर गावची ही कंपनी. यात कडेला पकडत नाहीत, पुंगळीच्या निमुळत्या अंगाला बरोबर बसेल असा एक पोलादी होल्डर असतो, त्यात पुंगळी सरकवायची, वरून हलकी टकटक करायची की ती टेपरमध्ये घट्ट बसते, आणि मागून बूड स्टॉप स्क्रूला टेकतं. कडेच्या जाडीचा प्रश्नच मिटतो. पायलटही लागत नाही कारण पुंगळी आधीच सरळ रेषेत असते. कटर फिरवला की पितळेची लांब, एकसलग कुरळी कीस निघते, भुगा नाही. तोंड इतकं सपाट येतं की बोट फिरवल्यावर समाधान वाटतं. पण हे काम हळू आहे, प्रत्येक पुंगळी ठोकून बसवा, ठोकून काढा. रविवारी शांतपणे स्पर्धेसाठी पन्नास पुंगळ्या करणाऱ्याचं हे हत्यार आहे, हजार पुंगळ्यांचं नाही.

हजारांचं गणित असेल, म्हणजे एआर-१५ रायफलसाठी .२२३ भरताय आणि बादलीभर पुंगळ्या आहेत, तर मग शोल्डरवाले. लिटल क्रो गनवर्क्सचा वर्ल्ड्स फायनेस्ट ट्रिमर, ज्याला सगळे डब्ल्यूएफटी म्हणतात, तो ड्रिलमध्ये लावायचा आणि पुंगळी हाताने आत ढकलायची, शोल्डर टेकला की कापणं थांबतं, बेअरिंग असल्यामुळे पुंगळी हातात फिरत नाही. काही सेकंदात एक. शंभर-दीडशे झाल्या की बोटांची टोकं दुखतात हे मात्र खरं, मी पातळ रबरी ग्रिपचे हातमोजे घालायचो. गिरॉडचा मोटरवाला आणखी पुढचा, त्याचा कटर एकाच वेळी लांबी कापतो आणि तोंडाची आतली-बाहेरची दोन्ही बाजूंची धारही बोथट करून देतो, पण त्याला काही शे डॉलर मोजावे लागतात. डिलनचा ट्रिमर तर थेट प्रेसच्या डोक्यावर बसतो, साइझ आणि ट्रिम एका झटक्यात. हे घेणारे लोक महिन्याला हजारांत गोळ्या झाडणारे असतात, पहिल्या वर्षात तुम्हाला याची काहीच गरज नाही असं मी स्पष्ट सांगतो.

जुन्या लोकांकडे एक फाइल ट्रिम डायही असते, कडक केलेल्या पोलादाची, पुंगळी तीत घालून वर आलेला भाग कानशीने घासायचा. चालतं, पण फार वेळखाऊ.

सेट कसं करायचं

एकदम शेवटच्या आकड्यावर सेट करू नका. जरा लांब ठेवून एक पुंगळी कापा, मोजा, मग दोन-तीन थाऊ पुढे या, परत मोजा. पहिल्यांदा ट्रिम करताना तोंड नीट बघा, कधी कधी फक्त अर्ध्या गोलावरच नवीन चकाकी दिसते आणि उरलेला अर्धा भाग जुनाच काळपट, म्हणजे तोंड तिरकं होतं आणि अजून पूर्ण कापलं गेलेलं नाही. पूर्ण गोल चकचकीत झाला की पुंगळी सपाट झाली. लांबी आधीच ट्रिमच्या आकड्याएवढी असेल तर नुसत्या चकाकीसाठी आणखी आखूड करू नका, ती पुढच्या वेळी होईल.

प्रत्येक पुंगळीला सारखाच दाब द्या. शेवटी जोर लावून दाबलं तर दोन थाऊ जास्त जातात, हे मोजल्यावर कळतं. आणि चष्मा घालाच, कीस डोळ्यात गेली तर डॉक्टर गाठावा लागतो. प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, त्यामुळे काम संपल्यावर हात साबणाने धुवायचे आणि टेबलावर चहा-फराळ ठेवायचा नाही, घरात लहान मुलं असतील तर त्या टेबलाजवळ त्यांना फिरकू देऊ नका.

ट्रिमनंतर तोंडाला धार राहते, आत आणि बाहेर. आतून चॅम्फर केलं नाही, म्हणजे ती कड तिरकी घासली नाही, तर गोळी बसवताना ती गोळीचं तांबं खरवडते, टेबलावर तांब्याचे बारीक तुकडे दिसले की समजा. बाहेरून डिबर करायचं, म्हणजे बाहेरची धार घासून काढायची. दोन्हीला हलका हात, दोन-तीन फेरे बस. सुरीसारखी धार काढायची नाही, नाहीतर तोंड पातळ होऊन चिरतं. एकाच हत्याराला एका टोकाला आतलं आणि दुसऱ्या टोकाला बाहेरचं असं ते मिळतं, स्वस्त आहे, ट्रिमरबरोबरच घेऊन टाका. लेक सिटीच्या म्हणजे बुडावर एलसी असं उमटलेल्या लष्करी पुंगळ्या वापरत असाल तर प्रायमरच्या खळग्याचा क्रिंपही (प्रायमर निसटू नये म्हणून दाबलेली कड) पहिल्या वेळी काढावा लागेल, ते काम वेगळं.

जे पितळ कापलं ते आलं कुठून?

नेकपाशी वाढलेलं पितळ हवेतून येत नाही, ते खालून, अंगातून सरकून येतं. म्हणजे एखादी पुंगळी चार-पाच वेळा ट्रिम करावी लागली तर बुडाच्या जरा वर तिची भिंत तेवढी पातळ झालेली असते. बाहेरून तिथे एक फिकट, चमकदार रिंग दिसते. पेपर क्लिप सरळ करून टोकाला छोटा आकडा वाकवा आणि आतून भिंतीवर खालून वर ओढा, बुडाच्या वर कुठे खाच लागली, आकडा अडखळला, तर ती पुंगळी त्याच क्षणी पक्कडीने चेचून भंगारात. पुढच्या वेळी ती चेंबरमध्ये दोन तुकडे होऊ शकते. आबा प्रत्येक बॅचमध्ये हे करतात आणि मीही करतो. पुंगळ्या फार पटापट वाढत असतील तर साइझिंग डाय गरजेपेक्षा जास्त खाली लावलेली आहे का बघा, बोल्ट रायफलला शोल्डर दोनेक थाऊ मागे ढकलला तरी पुरतं, जास्त ढकललात तर दर वेळी पितळ ताणलं जातं आणि पुंगळीचं आयुष्य कमी होतं. ट्रिमिंग कमी करायचा सगळ्यात चांगला उपाय डायच्या सेटिंगमध्येच आहे.

मग घेऊ काय?

माझं सरळ मत. एक कॅलिबर, थोड्या पुंगळ्या: ली, आणि उरलेल्या पैशांत चांगला कॅलिपर. तीन-चार कॅलिबर, मध्यम काम: हाताचा लेथवाला, जमलं तर मायक्रोमीटरचा. अचूकतेचं वेड आणि वेळ दोन्ही असेल तर विल्सन. .२२३ ची बादली असेल तर डब्ल्यूएफटी, पण साइझिंग सारखं येतंय याची खात्री केल्यावरच, त्यासाठी दहा पुंगळ्या साइझ करून हेडस्पेस गेजने किंवा कंपॅरेटरने शोल्डर मोजा, सगळ्या एक-दीड थाऊच्या आत आल्या तर खुशाल घ्या. सेकंडहँड घेत असाल तर कटरची धार आणि कॉलेट बघून घ्या, बोथट कटर कापत नाही, नुसता घासतो आणि तोंडावर लाटा सोडतो.

शेवटचं एक काम, जे मी प्रत्येक कॅलिबरसाठी केलंय. बरोबर लांबीला आलेली एक पुंगळी बाजूला काढा, कॅलिपरवर तीन वेळा तपासा, अंगावर मार्करने कॅलिबर आणि लांबी लिहा, बुडाकडे एक भोक पाडा म्हणजे चुकून भरायच्या ढिगात जाणार नाही, आणि ती ट्रिमरच्या डब्यातच ठेवा. पुढच्या वेळी ती ट्रिमरमध्ये लावायची, कटर तिच्या तोंडाला अलगद टेकेपर्यंत आणायचा, स्टॉप आवळायचा, पहिली पुंगळी कापून मोजायची आणि कामाला लागायचं.